एकच चरा, एकच दाब : हाताच्या कटरवर टाइल न फुटता कशी कापावी

हाताच्या टाइल कटरला आपण कटर म्हणतो खरं, पण त्यात पातं नसतं. असतं एक छोटं चाक, कधी हरभऱ्याएवढं, कधी रुपयाच्या नाण्याएवढं, टंगस्टन कार्बाइडचं. ते टाइलच्या ग्लेजवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, एक चरा ओढतं. हा चरा नखाला जेमतेम लागतो. पण त्याच्या खाली, डोळ्याला न दिसणारी एक सरळ चीर टाइलच्या अंगात उतरलेली असते. कटरच्या बेडमध्ये, म्हणजे टाइल ठेवायच्या पाटात, मधोमध एक उंचवटा असतो, त्याला इथे कणा म्हणू. चरा या कण्याच्या बरोबर वर येतो, हँडलला जोडलेला दोन पायांचा पंजा दोन्ही बाजूंनी टाइल खाली दाबतो, टाइल केसभर वाकते, वरची बाजू ताणली जाते आणि ती चीर थेट तळापर्यंत धावते. भाजलेली माती दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र अगदी थोडा सोसते. सगळं यंत्र माती-भट्टीच्या या एका गुणावर उभं आहे.

म्हणजे टाइल चऱ्यावर मोडायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतात. चरा एकसंध हवा, टाइल दोन्हीकडे सारखी टेकलेली हवी, दाब सावकाश हवा. टाइल फुटते ती जवळजवळ दर वेळी यातलं एक काहीतरी चुकल्यामुळेच.

आपल्याकडे बहुतेक साइटवर चार इंची मार्बल कटरच चालतो. ११० मिमीची डायमंड चकती, मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे. त्याला पर्याय नाही अशी कामं आहेत, ती पुढे येतीलच. पण सरळ कापासाठी तो मला कधीच पहिली निवड वाटत नाही. चकचकीत ग्लेजवर त्याने कडेला बारीक टवके उडतात, हात जरा हलला की रेघ वाकते, आणि सुक्या कापात जी पांढरी धूळ उडते तिच्यात स्फटिकी सिलिका असते. ही धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. बंद बाथरूममध्ये तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर कापणाऱ्या पोराला हे कोणीतरी सांगायलाच हवं. हाताच्या कटरला धूळ नाही, वीज नाही, आवाज नाही; सोसायटीत दुपारी दोन ते चार काम बंद ठेवायचा नियम असला तरी कोणी तक्रार करत नाही.

आधी टाइल ओळखा

टाइलच्या पाठीकडे बघा. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं अंग लालसर किंवा मळकट पांढरं, जरा भुसभुशीत असतं. पाठीवर पाण्याचा थेंब टाकला तर लगेच जिरतो. आयएसओ १३००६ या मानकात अशा टाइलचं पाणी शोषण १० टक्क्यांहून जास्त धरलं आहे. ही टाइल कापायला सर्वांत सोपी. बारा बाय अठरा म्हणजे ३०० × ४५० मिमीची ७-८ मिमी जाडीची टाइल साध्या कटरवरही सुरेख मोडते.

विट्रिफाइड टाइलवर तोच थेंब तसाच उभा राहतो. तिचं शोषण अर्ध्या टक्क्याच्याही खाली. अंग घट्ट, जवळजवळ काचेसारखं. दोन बाय दोन (६०० × ६०० मिमी) आणि दोन बाय चार (६०० × १२०० मिमी) या मापांत आज मोरबीहून जो माल महाराष्ट्रात येतो, त्यातला मोठा भाग हाच. जाडी साधारण ८ ते १० मिमी. हिला मोडायला जोर जास्त लागतो, आणि चरा कमजोर असेल तर ती वाटेल त्या दिशेने पळते.

अंगणात, पार्किंगमध्ये लावतात ती खडबडीत टाइल जाड असते आणि तिच्या पृष्ठभागावर चढउतार असतात. छोटं चाक खळग्यांवरून उड्या मारत जातं आणि चरा तुटक पडतो. तिथे मोठं चाक लागतं, आणि खळगे खोल असतील तर सरळ डायमंड चकतीकडे वळावं.

शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, संगमरवर हे या कटरचं काम नव्हे. नैसर्गिक दगडात थर असतात, रेषा असतात, तो चऱ्याचं ऐकत नाही. जुन्या चाळींत आणि बंगल्यांत सापडणाऱ्या सिमेंटच्या रंगीत लाद्यांचंही तसंच. त्या चांगल्या २० मिमीच्या आसपास जाड असतात आणि आज तशी नक्षी पुन्हा मिळेलच असं नाही, त्यामुळे त्यांच्यावर प्रयोग नको. पाणी सोडून डायमंड चकतीने कापाव्यात.

कटर घेताना

पहिला प्रश्न लांबीचा. कटरवर लिहिलेला आकडा म्हणजे जास्तीत जास्त कापाची लांबी. दोन बाय दोनची टाइल सरळ कापायची तर ६०० मिमीचा कटर कागदावर पुरतो, पण मग हाताला काही शिल्लक राहत नाही, म्हणून किमान ६५०. तीच टाइल कोनाकोनी कापायची तर कर्ण ८४९ मिमी भरतो, तिथे ९०० मिमीचा कटर लागतो. दोन बाय चार उभी चिरायची तर १२०० मिमीहून लांब. नुसत्या बाथरूमच्या भिंती असतील आणि टाइल ३०० × ६०० असेल तर ६५० मिमीचा कटर भरपूर झाला. कर्ण ६७१ मिमीचा, पण भिंतीवर कोनाकोनी कापायची वेळ क्वचितच येते.

लांबीनंतर बघायचा तो रॉड. दोन रॉडवर चालणारी गाडी (चाक आणि हँडल जिच्यावर बसवलेलं असतं ती), किंवा एकाच जाड पट्टीवर बेअरिंगने चालणारी गाडी, दोन्ही प्रकार चांगले असू शकतात. बघायचं ते खेळणं. दुकानात गाडी रॉडच्या मधोमध आणा, हँडल धरून डावी-उजवीकडे हलवा. हाताला टकटक जाणवली तर तो कटर परत ठेवा. मधोमध यासाठी, की टोकांना रॉड बांधलेले असतात; ते लवतात ते मध्ये. १२०० मिमीच्या स्वस्त कटरचे रॉड मध्ये दाब दिला की चक्क वर कमानतात, आणि नेमका तिथेच चरा फिका पडतो. त्या पैशात ८०० मिमीचा भक्कम कटर येत असेल तर तो घ्यावा आणि लांब काप दुसऱ्या सोयीने करावेत.

आणखी चांगली परीक्षा म्हणजे घरून आपल्या कामातली एक टाइल सोबत नेणं. तिच्यावर हलका चरा ओढायचा, टाइल न हलवता गाडी मागे न्यायची आणि चाक पुन्हा त्याच चऱ्यावर टेकवून, बिनदाबाने फिरवायचं. चाक त्याच रेघेत बसून गेलं तर गाडी सरळ आहे. शेजारी दुसरी रेघ उमटली तर गाडीत ढिलाई आहे. ही परीक्षा फक्त दुकानातली. प्रत्यक्ष कामात चऱ्यावर दुसऱ्यांदा चाक फिरवायचं नाही, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

बेडकडे बघताना तीन गोष्टी. कणा टोकापासून टोकापर्यंत सरळ आणि अखंड हवा. दोन्हीकडची रबरं सारख्या उंचीची हवीत. आणि बेडचा पत्रा दाबल्यावर लवता कामा नये. पातळ पत्र्याचा बेड जमिनीवर ठेवून मधे तळहाताने दाबला की तो डबडब वाजतो, त्यावर विट्रिफाइड मोडायला जाऊ नये. चांगल्या कटरमध्ये बेडच्या दोन्ही फळ्या स्प्रिंगवर असतात. पंजा दाबला की त्या काही मिलिमीटर खाली बसतात आणि कणा आपोआप वर निघतो. बाजूला ओढून काढायचे टेकू असतील तर फारच उत्तम, कारण दोन बाय दोनची टाइल बेडच्या बाहेर लोंबते आणि लोंबणारं वजनच कित्येक काप बिघडवतं.

पंजा जितका रुंद तितका जोर पसरून पडतो. मोठ्या टाइलला इंच-दीड इंचाचा पंजा तोकडा पडतो.

गुन्या, म्हणजे पुढची मापाची पट्टी, तिचा स्क्रू आवळल्यावर हलता कामा नये. पट्टीवर छापलेल्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. टेपने मोजून, टाइलवर खूण करून, चाक खुणेवर आणून मगच पट्टी आवळायची.

शेवटचं आणि फार लोक विसरतात ते: त्या कटरचं चाक जवळच्या बाजारात मिळतं का? चाकाचं माप बाहेरचा व्यास × भोक × जाडी असं सांगतात, उदाहरणार्थ २२ × ६ × २ किंवा १५ × ६ × १.५. कटरबरोबरच दोन जास्तीची चाकं घेऊन ठेवावीत. स्पेनची रुबी, इटलीच्या मोंटोलिट आणि सिग्मा, जपानची इशी यांचे कटर आयुष्यभर टिकतील असे असतात, पण चाक मागवायला महिना लागणार असेल तर चालू साइटवर त्याचा उपयोग नाही.

चाक

गुळगुळीत ग्लेजला छोटं चाक, ६ ते १० मिमीचं. छोट्या चाकाचा टेकणारा भाग लहान असतो, त्यामुळे थोड्या दाबात चीर खोल उतरते. खडबडीत टाइलला १८ ते २२ मिमीचं, कारण मोठं चाक खळग्यात अडकत नाही, उंचवट्यांवरून सरळ वाहत जातं. बाजारातल्या बऱ्याच कटरला मधल्या मापाचं एकच चाक बसवलेलं येतं आणि साध्या घरकामाला ते चालतं.

चाक आसावर मोकळं फिरलं पाहिजे. बोटाने फिरवून बघा. टाइलची भुकटी आणि जुनं तेल यांचा चिखल आसात जमला की चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घासत जातं. घासत गेलं की एका जागी सपाट होतं, आणि सपाट झालेलं चाक पुन्हा गोल होत नाही. मग चऱ्यात दर काही सेंटिमीटरवर एक फिकी जागा दिसते. ती दिसली की चाक फेकायचं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चाकाच्या आसाला, एक फडक्यावर घेऊन रॉडला. कामाच्या दिवशी सकाळी आणि जेवणानंतर, एवढं पुरे.

एक काप, जवळून

समजा ३०० × ६०० मिमीची चकचकीत भिंतीची टाइल आहे आणि १७४ मिमी रुंदीची उभी पट्टी हवी आहे.

आधी बेड पुसा. नुसतं फुंकर मारून भागत नाही, ब्रशने किंवा कोरड्या फडक्याने साफ करा. तांदळाच्या कणीएवढी कपची टाइलखाली राहिली तर दाब पडताना टाइल त्या कपचीवर टेकते आणि तडा तिथून निघतो. टाइलची पाठही पुसा. तिथे भट्टीतली पांढरी पूड असते. टाइल कोरडी हवी. सिमेंटवर लावायच्या सिरॅमिक टाइल आपल्याकडे तासन्‌तास पाण्यात भिजत घालतात. कापायच्या तेवढ्या आधी कापून घ्या, मग भिजवा. ओल्या टाइलवर पेन्सिल उमटत नाही, तिच्या पाठीला कण चिकटून बेडवर येतात आणि चाकाचा आस गंजतो.

खूण ग्लेजवर करायची, दोन्ही टोकांना. पेन्सिल उमटत नसेल तर आधी टाइलवर मास्किंग टेप लावून त्यावर माप घ्या आणि खूण फक्त कडेला ओढा. चरा टेपवरून ओढायचा नाही. माप घेताना सांधा वजा केला का ते बघा. गवंडी मंडळी सूतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून किंचित जास्त. टेप मिमीत आणि बोलणं सूतात असं झालं की चार टाइलमागे एक चुकते. एका कामात एकच माप ठेवावं.

टाइल समोरच्या आडपट्टीला पूर्ण भिडवा. चाक एका खुणेवर टेकवा, उचला, दुसऱ्या टोकाच्या खुणेवर टेकवून बघा. दोन्हीकडे बरोबर बसलं तर गुन्या आवळा. मोकळ्या हाताने टाइल हलणार नाही इतकीच धरा, तळहात चऱ्याच्या रेषेपासून लांब.

आता चरा. काही कटर पुढे ढकलायचे असतात, काही स्वतःकडे ओढायचे. यंत्राची जी घडण आहे तीच दिशा. चाक टाइलच्या कडेवरून धडकन चढवू नका, तिथे टवका उडतो. कडेच्या एखाद मिलिमीटर आत अलगद टेकवा, दाब द्या आणि एकाच वेगाने शेवटपर्यंत न्या. शेवटच्या कडेला दाब किंचित सोडा, पण चरा कडेपर्यंत पोचला पाहिजे. सुरुवातीची राहिलेली मिलिमीटरभर जागा चालते. शेवटी पाच-सात मिमी राहिले तर टाइल तिथेच आकड्यासारखी वळून मोडते.

दाब किती? हे आकड्यात सांगता येत नाही, कानाने कळतं. बरोबर दाबाला काचेवर हिरकणी ओढल्यासारखा एकसारखा बारीक आवाज येतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात. आवाज मध्येच बंद पडला तर तिथे चरा नाही. करकर, चुरचुर असा फुटका आवाज आला आणि चऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पूड, बारीक खवले दिसू लागले तर दाब जास्त आहे. चांगला चरा केसासारखा बारीक, अखंड, कडा स्वच्छ असा दिसतो. टाइल उजेडाकडे तिरपी धरली की लगेच ओळखू येतो.

आणि चरा एकदाच. फिका वाटला म्हणून परत चाक फिरवायचा मोह सगळ्यांना होतो आणि सर्वांत जास्त टाइल त्यानेच वाया जातात. पहिल्या फेरीत चीर खाली सरळ उतरलेली असते. दुसऱ्या फेरीत चाक त्या चिरेच्या कडांवर चढतं, कडा चिरडतं आणि आडव्या चिरा पाडतं. ताण मग एका रेषेत न राहता चार दिशांना पसरतो. शिवाय चाकाची धार चऱ्यातल्या चुऱ्यावर घासून बोथट होते, ती वेगळीच. चरा मध्ये कुठे तुटला असेल तर तेवढ्याच तुकड्यावर, हलक्या हाताने, चाक त्याच रेघेत ठेवून एकदा जोडून घ्या. सगळा चरा खराब असेल तर ती टाइल बाजूला ठेवा, छोट्या तुकड्यांना कामी येईल.

मग मोडणं. चाक उचला, पंजा टाइलवर आणा. पंजाचे दोन्ही पाय चऱ्याच्या दोन्हीकडे सारखे पडले पाहिजेत आणि चरा कण्याच्या बरोबर वर हवा. पंजा टाइलच्या कडेपासून दहा-पंधरा मिमी आत टेकवायचा. मधोमध दाबलं तर चीर दोन्ही दिशांना एकदम धावते, आणि दोन्हीकडे सारखीच सरळ जाईल याची खात्री नसते. कडेपासून दाबलं की ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघते. दाब हळूहळू वाढवा. झटका नाही, थाप नाही. सिरॅमिक टाइल हलक्या 'टक्' आवाजाने मोडते. विट्रिफाइडला जोर जास्त लागतो, पण तोही वाढवत न्यायचा. जोर लावूनही मोडली नाही तर थांबा आणि चरा तपासा. हँडलवर अंगाचं वजन टाकून मोडलेली टाइल क्वचितच सरळ मोडते.

मोडल्यावर ती कड बोटाने चाचपू नका. ग्लेजची ताजी कड काचेइतकीच कापते. सिलिकॉन कार्बाइडचा दगड किंवा डायमंड पॅड, ८० ते १२० नंबरचा, साधारण ४५ अंशात धरून ग्लेजकडून पाठीच्या दिशेने दोन-चार हात मारा. उलट्या दिशेने घासलं की ग्लेजचे टवके निघतात. कापलेली कड शक्यतो कोपऱ्यात, स्कर्टिंगखाली किंवा दुसऱ्या टाइलच्या मागे जाईल अशी लावावी आणि कारखान्याची कड सांध्याकडे ठेवावी.

बिघडलं तर कारण कुठे शोधायचं

तुटलेला तुकडा फेकण्याआधी बघा, तो बोलतो. टोकाला आकडा पडला असेल तर चरा कडेपर्यंत गेला नव्हता. टाइल चऱ्यावर सुरू होऊन मध्येच बाजूला पळाली असेल तर चरा मध्ये तुटला होता, किंवा एका बाजूचं रबर दबलेलं आहे, किंवा बाहेर लोंबणाऱ्या भागाला टेकू नव्हता. मोठ्या टाइलचं हे शेवटचं कारण सर्रास आढळतं. टेकू नसेल तर बेडच्या उंचीइतका लाकडी ठोकळा बाजूला ठेवा, पण बेडपेक्षा उंच नको, उलट केसभर खालीच असू द्या.

कड उभी न पडता तिरकी पडली, म्हणजे वर माप बरोबर आणि खाली ओठ बाहेर आला, तर चरा कण्याच्या वर नव्हता. बऱ्याच कटरमध्ये गाडीची रेषा आणि कणा जुळवायला बेडखाली स्क्रू असतात. ते वाहतुकीत हलतात. चाक खाली टेकवून टोकापासून टोकापर्यंत कण्यावरून, न दाबता, फिरवून बघा. कुठे कण्यावरून उतरत असेल तर तिथे जुळवणी हवी.

टाइलला बाक असेल तर सगळं नीट करूनही ती दगा देते. टाइल काचेवर किंवा सपाट टेबलावर ठेवून कोपरा दाबा. डुगडुगली तर बाक आहे. लांब टाइलमध्ये थोडा बाक असतोच. पोटाखाली पोकळी राहत असेल तर चरा ओढताना चाकाच्या दाबानेच ती तडकते. अशा ठिकाणी दाब कमी करा आणि मोडताना आणखी सावकाश.

काप काटकोनात पडतोय का हे तपासायला वेगळ्या काटकोन्याचीही गरज नाही. टाइल मधोमध कापा, मग एक अर्धा उलटा करून, म्हणजे पाठ वर करून, दुसऱ्याला कापलेली कड भिडवा आणि कारखान्याची कड एका सरळ पट्टीला लावा. काप काटकोनात असेल तर फट राहत नाही. चूक असेल तर ती दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही लपत नाही.

बारीक पट्टी काढायचीच नाही अशी आखणी

पट्टी जितकी अरुंद तितकी ती मोडायला कठीण, कारण पंजाला त्या बाजूला पकडायला जागाच नसते. भिंतीच्या टाइलची पंधरा-वीस मिमीची पट्टी हातखंडा असलेला माणूस काढेल. विट्रिफाइडमध्ये जाडीच्या तिप्पट, म्हणजे २५-३० मिमीच्या खाली कटरकडून अपेक्षाच ठेवू नये. चरा ओढून पकडीने थोडं थोडं मोडत जाता येतं, पण कड खडबडीत येते. डायमंड चकतीच बरी.

त्याहून बरं म्हणजे तशी पट्टी लागूच न देणं. भिंत २४४० मिमी, टाइल ३०० मिमी, सांधा २ मिमी धरा. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर आठ टाइल आणि आठ सांधे मिळून २४१६ मिमी होतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात २४ मिमीची पट्टी उरते. दिसायलाही वाईट आणि कापायलाही. त्याऐवजी सात अखंड टाइल आणि दोन्ही टोकांना कापलेली एकेक टाइल धरा. सात टाइलचे २१००, आठ सांध्यांचे १६, म्हणजे २११६. उरले ३२४ मिमी, प्रत्येक कोपऱ्यात १६२ मिमी. दोन्हीकडे अर्ध्याहून मोठा तुकडा, कापायला सोपा, नजरेलाही सारखा. एक टाइल जास्त कापावी लागते इतकंच. भिंत ओळंब्यात नसेल तर वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घेऊनच हा हिशेब करावा.

नळाची भोकं, सॉकेटचे चौकोन, दाराच्या चौकटीभोवतीचा एल आकार ही कामं हाताच्या कटरची नाहीत. चरा टाइलच्या मध्ये थांबवता येत नाही; चीर सुरू झाली की ती दुसऱ्या कडेपर्यंत जाणारच. एल आकाराला आतल्या कोपऱ्यात आधी डायमंड बिटने ६-८ मिमीचं भोक पाडा आणि मग दोन्ही बाजूंनी चकतीने त्या भोकापर्यंत या. कोपरा टोकदार ठेवला तर लावल्यावर काही महिन्यांनीही तडा तिथूनच निघतो, कारण ताण टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. गोल भोकाला डायमंड होल सॉ, पाणी सोडत, सुरुवातीला तिरका धरून. ८०० × १६०० किंवा त्याहून मोठ्या स्लॅबला वेगळी पट्टी येते, व्हॅक्यूम कपने टाइललाच चिकटणारी. तिच्यावरून चरा ओढतात आणि मोडायला स्क्रूची पकड वापरतात, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या.

नव्या कटरवर आणि नव्या टाइलवर हात बसेपर्यंत मोडक्या टाइलवर दहा-बारा चरे ओढून घ्या, प्रत्येक वेळी दाब थोडा बदलून. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर 'हलका', 'मध्यम', 'जोरात' असं लिहा आणि मोडल्यावर कडा शेजारी ठेवून बघा. आपल्या हाताचा बरोबर दाब कुठला ते तिथेच कळतं. टाइलची कंपनी किंवा डिझाइन बदललं की हे पुन्हा करावं लागतं, कारण ग्लेजची जाडी बदलते.

डोळ्यांना गॉगल हवाच; मोडताना उडणारी कपची दिसत नाही. पायात चप्पल नको, बूट हवेत. काम झालं की बेड ब्रशने झाडा, रबरात रुतलेल्या कपच्या टोच्याने काढा, रॉड तेलाच्या फडक्याने पुसा. कटर उचलताना बेडला धरून उचला, रॉडला धरून नाही. त्याने रॉडची जुळवणी बिघडते. आणि टेम्पोत चढवण्याआधी गाडी टोकाला नेऊन बांधा, चाक बेडवर टेकलेलं राहू देऊ नका. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते कण्यावर आदळतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच टाइलवर चरा तुटक पडतो.